सोबत जोडले आहे: भाकरी एक

कोकिळाकाकूंची गिरणी सुरू असली की त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागेल, असं नवख्या माणसाला वाटतं. तसं काही नसतं. पट्ट्याच्या फडफडाटातही त्या तुमचं पुटपुटणं ऐकतात. पालमच्या एसटीला हात दाखवायचा थांबा आहे, त्याच्यासमोर त्या बावीस वर्षं दळण दळताहेत, आणि दळतात ते कानाने. गहू पडत असला की दगड गुणगुणतात, हरभऱ्याला गुरगुरतात. वरच्या डब्यातलं धान्य सरत आलं की आवाज बारीक होतो. मग बायकांच्या गप्पा ऐकता ऐकता काकूंचा हात आपसूक चाकाकडे जातो आणि दगड अलग होतात. मान मात्र वळत नाही.

यंदा तिथेच घात झाला. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्या, लग्नांची दाटी झाली, आणि गिरणीमागच्या नव्या मंगल कार्यालयाचे मालक सूर्यभानराव यांनी आपले भोंगे थेट गल्लीकडे तोंड करून लावले. चार दिवसांनी शेजारच्या बानूबाई पिठाचा डबा घेऊन आल्या.

"कोकिळे, भाकरीत कचकच हाय. दात उरलेत चार, ते तरी राहू दे."

काकूंनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. डीजेच्या दणक्यात त्यांना तो बारीक झालेला आवाज ऐकूच आला नव्हता. रिकामे दगड एकमेकांवर घासले होते आणि त्यांची कच पिठात उतरली होती. त्यांनी घरची ज्वारी दळून बानूबाईंना दिली. पण त्याच दुपारी गल्लीतली एक बाई स्टँडापलीकडच्या गिरणीकडे जाताना दिसली. डबा तिने पदराखाली घेतला होता. डबा पदराखाली लपतो थोडाच.

काकूंनी गिरणी बंद केली. गल्लीतलं लिहिणं-वाचणं माझ्याकडे असतं; त्या मला म्हणाल्या, "अर्ज लिही."

अर्ज लिहिला जातोय हे कळायला गल्लीला पाच मिनिटं पुरली. सितारामकाका म्हणाले, नालीचं लिही. मंजुषावहिनींना खांबावरचा दिवा हवा होता. कुणाला कुत्र्यांचा त्रास, कुणाला नळाच्या वेळेचा. बघता बघता डीजे सातव्या क्रमांकावर गेला. काकूंनी सगळा कागद वाचून घेतला.

"गहू, ज्वारी, हरभरा एकाच पिशवीत घालून आणलं तर मी काय दळून देऊ? अन् साहेब तरी काय देईल? एकेक अलग कर."

सात अर्ज झाले. सातव्याच्या शेवटी त्यांनी एक ओळ घालायला लावली : सोबत जोडले आहे, भाकरी एक.

नगरपालिकेत गोपाळराव नावाचे लिपिक होते. सहा अर्जांवर त्यांनी खटाखट शिक्के मारले. सातवा वाचून त्यांना हसू आवरेना.

"मावशी, गिरणीवाली आवाजाची तक्रार करायलीय? उद्या कोंबडा येईल, म्हणेल पहाटं लय गलबला होतोय."

"हसा. आधी घास घ्या."

काकूंनी फडकं सोडलं. भाकरी बानूबाईंनी परत केलेल्या पिठाचीच होती. गोपाळरावांनी तुकडा मोडला, चावला. कचकन आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

"मग डोळ्यानं बघत जा की," ते गाल धरून म्हणाले.

"डब्याचा तळ दिसेस्तोवर दगडानं दगड खाल्लेला असतोय, साहेब. तुमी फटफटी चालवताना इंजिनात डोकावता का?"

गोपाळरावांनी कार्यालयाच्या मालकांना फोन लावला. अर्ध्या तासात सूर्यभानराव बोटाभोवती किल्ल्या फिरवत हजर झाले.

"कोकिळाबाई, वाजवल्याबिगर लग्न व्हत न्हाई. लोक मला काय म्हणतील? आधीच परवाच्या पंगतीत भाकरीला नावं ठेवली. मुलीचा बाप माझ्यावर डाफरला."

"पीठ कुठून आणलं होतं?" गोपाळरावांनी विचारलं.

"यांच्याच गिरणीतून."

"दळताना भोंगे कुणाचे होते?" काकू म्हणाल्या.

किल्ल्या थांबल्या. गोपाळरावांनी उरलेली भाकरी पुढे सरकवली. "घ्या, तुमीबी पुरावा तपासा." सूर्यभानरावांनी तिला हात लावला नाही.

मग कागदावर ठरलं : भोंग्यांची तोंडं माळाकडे, आणि सकाळी आठ ते अकरा, दळणाच्या वेळेत, डीजे बंद. काकूंनी आपणहून एक ओळ वाढवली. "मंगलाष्टकं लागली की अक्षता पडेस्तोवर मी गिरणी बंद ठेवते. लेकीबाळींचं लग्न हाय." दोघांनी सह्या केल्या. काकूंनी अर्जाची पोच मागितली. गोपाळरावांनी शिक्का मारला, तारीख घातली आणि लिहिलं : भाकरी मिळाली. मग विचार करून पुढे लिहिलं, अर्धी.

नाली अजून तशीच आहे. खांबावरचा दिवा लागला, पण तो दिवसाही लागलेला असतो. त्याचा आठवा अर्ज मंजुषावहिनी लिहून घेणार आहेत.

पुढच्या तिथीला कार्यालयासमोर मांडव पडला. सकाळी गल्लीत फक्त गिरणीचा आवाज होता. रांगेत पहिल्या बानूबाई. काकू त्यांच्याशी जावयाबद्दल बोलत होत्या. आवाज बारीक झाला, हात चाकाकडे गेला, बोलणं तुटलं नाही. बानूबाईंनी गरम पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं, चारही दातांनी नीट तपासलं आणि डब्याला झाकण लावलं.

मागचा डबा पुढे सरकला. तो पदराखालून निघाला होता. काकूंनी तो उचलून वर ओतला आणि विचारलं, "बारीक की जाडं?"