टायटलमावशीची सारंगी

टायटलमावशी सिनेमा डोळे मिटून पाहायची. थिएटरात खुर्चीवर मांडी घालून बसायची, पदर डोक्यावरून ओढून घ्यायची आणि पडद्यावर नावं सुरू झाली की डोळे मिटायची ते थेट ‘समाप्त’पर्यंत. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, दिवसभर उभं राहून बाईला डुलकी लागली. मी कोपराने ढोसलं, तर केवढ्याने खेकसली! “माय व, गप बस ना! आत्ताच तर बासरी आली.” तिच्या मांडीवरच्या पिशवीत मेथीची जुडी होती आणि मेथीखाली टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर चालू होता.

तेव्हा आम्ही गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासात होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी लग्न करून नाशिकहून आले, नवरा सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला, म्हणून मीही तिथेच पॅकिंगमध्ये लागले. मावशी अमळनेरकडची. सामरवरणीच्या चाळीत माझ्या शेजारची खोली तिची आणि पॅकिंगमध्ये शेजारचं टेबलही तिचंच. सुताचे कोन प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे, हे आमचं काम. तीसेक बायका होतो. दोन-चार खानदेशी, काही गुजराती, बाकी आसपासच्या रांध्या-गलोंड्याच्या वारली पोरी. मावशीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळ्या तिच्या.

“गाणी सगळ्या गावाची, मागचं म्युझिक आपलं,” असं ती म्हणायची. गाणी तर शनिवारी बारमधूनही ऐकू यायची, गुजरातेत दारूबंदी म्हणून तिथून प्यायला आलेली मंडळी ती कोकलायचीही. मावशीला हवं असायचं ते सिनेमाचं टायटल म्युझिक, पाठलागाचं म्युझिक, कुणी मरताना वाजतं ते. कारखान्याला सुट्टी असली की वापीला जाऊन एकाच सिनेमाची कॅसेट आणि रेकॉर्ड दोन्ही घेऊन यायची. घरी रेकॉर्ड वाजवायला यंत्र नाही! मग बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या स्टुलावर बसून दोन्ही ऐकायची आणि निकाल द्यायची. “रेकॉर्डवर टायटल आहे. कॅसेटवाल्याने खाल्लं. मेल्यांना आठ गाणी देता येतात, टायटल देता येत नाही.” तिचं हे नाव त्यावरूनच पडलं. दुरुस्तीवाला गुजराती. तो आधी हसायचा, पुढे पुढे तोच म्हणायला लागला, “बेन, फरी वगाडो ने.” परत वाजवा ना.

कॅसेट आणि रेकॉर्ड, दोघांनीही जे खाल्लं असेल ते मावशी थिएटरात जाऊन स्वतः टेप करायची. घरी आली की कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या टिकल्या चमच्याच्या दांड्याने मोडून टाकायची. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. “आता ब्रह्मदेव आला तरी पुसता येणार नाही,” म्हणायची. अशा एका कॅसेटवर तिचा जीव होता. सिनेमा धुळ्याला आठवडाभर चालून पडला होता, तेवढ्यात तिने तो टेप केला होता. त्याचं नाव मला माहीत आहे, पण मुद्दाम लिहीत नाही. त्यात आई मुलाला गाडीत बसवून देते, त्या वेळी मागे सारंगी वाजते. मिनिटभर वाजत असेल. पुढे त्या सिनेमाच्या म्युझिकची रेकॉर्ड निघाली, तेव्हा तो तुकडा नव्याने वाजवून घेतला आणि सारंगीच्या जागी व्हायोलिनं घातली. सारंगी कुठेच उरली नाही. ती मावशीच्या कॅसेटवर तेवढी होती.

आता साहेब. आमच्या कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर, पुण्याचे. त्यांनाही हाच नाद. कपाटभर रेकॉर्डी, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर, शिवाय छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेली यादी. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा कार्यक्रम असायचा, रेकॉर्ड लावायची आणि माहिती सांगायची. त्या वर्षी त्यांनी नेमकी तीच रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, “सिनेमात हेच वाजतं. स्वर न् स्वर हेच.” बायकांच्या सतरंजीवरून मावशी बोलली, “नाही वाजत, साहेब. सिनेमात सारंगी आहे.” साहेब हसले. “बाई, तुम्ही कुठल्या खात्यात?” “पॅकिंग.” “मग कोन मोजा. सूर आमच्यावर सोडा.” सभा खदखदून हसली. माझा नवराही हसला, त्याला मी दोन दिवस धड जेवू घातलं नाही.

मावशी उठली, घरी गेली आणि टेपरेकॉर्डर घेऊन परत आली. गणपतीसमोर ठेवला आणि बटण दाबलं. खरखर होती, मागे कुणीतरी खोकत होतं, पण सारंगी लख्ख. मघाशी हसलेले लोक पुढे सरकून ऐकायला लागले. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तरी माणूस मुत्सद्दी. टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, “वा! माझ्याकडे डबल कॅसेटचा डेक आहे. द्या, तुम्हाला चांगली कॉपी काढून देतो. ही खराब झाली तर काय कराल?” मावशी द्यायला तयार नव्हती. मीच तिच्या मागे लागले. “द्या हो मावशी, मोठा माणूस आहे, मानाने मागतोय.” दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये ती कॅसेट मी नेऊन दिली. माझ्या हाताने.

चार दिवसांनी कॅसेट परत आली. चाळीतल्या बायका जमवून मावशीने लावली. तर आतून क्रिकेटची कॉमेंट्री! दोन्ही बाजूंना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मावशी लावत होती, काढत होती, उलटी करून लावत होती. मी साहेबांकडे धावत गेले, तर म्हणतात, “अरेरे. चुकून झालं असेल. शेवटी यंत्र आहे ते.” मी तेच येऊन सांगितलं. मावशीने कॅसेट पालथी करून माझ्यापुढे धरली. मोडलेल्या टिकल्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. एका भोकावर एक, दुसऱ्यावर एक, कात्रीने नीट कापून. ती लावल्याशिवाय पुसताच आलं नसतं. मावशी म्हणाली, “चूक हाताने होते, बाई. चिकटपट्टी डोक्याने लागते.” रडली नाही. माझ्यावर चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगमध्ये शाळा सुरू झाली. हात कोनांवर आणि तोंडाने सारंगी. “वर जाते तिथे घाई करायची नाही. आई अजून हात सोडत नाहीये,” मावशी शिकवायची. रांध्याच्या पोरींनी तो सिनेमा पाहिलाही नव्हता, पण सर्वांत आधी त्यांनीच तो तुकडा उचलला, कारण त्यांचे गळे चांगले. महिनाभरात तीसच्या तीस बायकांना तो पाठ झाला. मग एके सकाळी साहेब पाहणीला आले आणि आम्ही सुरू केलं. तोंडं मिटलेली, माना खाली, हात कामावर. साहेब दाराशीच थबकले. या टेबलाकडे पाहिलं तर ते टेबल गप्प आणि पलीकडचं सुरू. काय मजा आली म्हणून सांगू! ते कँटीनला आले तर कँटीनमध्ये, गेटवर आले तर गेटवर. त्यांनी एक कॅसेट पुसली होती, मावशीने तीस भरल्या. या पुसायला त्यांची चिकटपट्टी कुठे पुरणार?

आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. कामाच्या वेळेत गाणे म्हणण्यास मनाई आहे. मावशीने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली आणि मागे उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाली, “हे गाणं नाही, साहेब. मागचं म्युझिक आहे.” त्याचा सूड साहेबांनी घेतलाच. मावशीला वेस्टमध्ये टाकलं, तुटक्या सुताच्या ढिगाऱ्यात. दिवसभर नाकातोंडात धूळ. दोन वर्षं ती तिथे खोकली आणि मग तिच्या नवऱ्याने बिऱ्हाड आवरून अमळनेरचा रस्ता धरला.

निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या जणी बस स्टँडवर गेलो. मी म्हटलं, “मावशी, त्या माणसाला सुखाने जगू देणार नाही.” तर तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि जे बोलली ते मला अजून पचलेलं नाही. “तो मागायला येईल बघा. त्याच्याकडे नाही ना ती सारंगी. रागाच्या भरात पुसली खरी, पण कान आहे मेल्याला. आला तर द्या. माझ्या भांडणापायी धून मरायला नको.” बस सुटली. दीड वर्षाने पत्र आलं, मावशी गेली. छातीत कफ भरला होता म्हणे. तो कफ कुठून आला ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

आम्ही नाशिकला परत आलो. नव्वदचं दशक संपत आलं असताना एका सकाळी दारात साहेब उभे. रिटायर झालेले, केस पांढरे, हातात छोटा टेपरेकॉर्डर. मी पाणी दिलं, चहा केला, दारी आलेल्या माणसाला देतात म्हणून. त्यांनी त्यांची ती यादी काढली. “त्या सिनेमाची प्रिंटच उरली नाही. पुष्कळ हिंडलो. सगळं जमवलं मी आयुष्यात, तेवढा एक तुकडा नाही. त्या वेळी फार वाईट वागलो. मनाला लागलेलं आहे.” डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की खोटं, मी ठरवत बसले नाही. त्या पाण्याने मावशीची छाती साफ होणार नव्हती.

“सिल्वासालाही जाऊन आलो,” ते म्हणाले. “रांध्याला गेलो, गलोंड्याला गेलो. तुमच्यातल्या अकरा-बारा जणी भेटल्या. लेकुरवाळ्या झाल्यात आता. प्रत्येकीला विचारलं. एकीलाही आठवत नाही! असं कसं होईल हो? रोज तर म्हणायच्या.”

मावशीने ‘द्या’ म्हणून सांगितलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे आम्ही एकमेकींना पत्र नाही लिहिलं की निरोप नाही धाडला. साहेबांनी यंत्राचं बटण दाबलं आणि ते माझ्यासमोर धरलं. आत टेप फिरायला लागली. त्या क्षणी सगळी धून माझ्या गळ्याशी आली होती, ती वर जाते त्या जागेसकट.

“नाही हो साहेब,” मी म्हणाले. “मलाही आठवत नाही.”