फाल्गुन अमावास्येच्या समासात

पाडव्याच्या आधीचा आठवडा आमच्या घरी तिथी उतरवण्याचा असतो. सरत्या वर्षाच्या पंचांगात, छापील मजकुराच्या बाजूला कोऱ्या समासात, यजमानांची कार्यं लिहिलेली असतात. कुणाच्या वडिलांचं श्राद्ध, कुणाची कुलदेवीची पूजा, कुणाचा वर्षाचा सत्यनारायण. ती एकेक करून नव्या पंचांगात त्याच तिथीपुढे लिहायची. एक तिथी चुकली तर कुणाचे तरी वडील वर्षभर उपाशी राहतात, असं बाबा म्हणायचे. तीस वर्षांत त्यांची एकही चुकली नाही.

मी अमरावतीत भिक्षुकी करतो. ठरवून केली नाही. अकोल्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. बाबांना लकवा झाला, उजवा हात आणि वाचा गेली, आणि त्यांचे यजमान सांभाळायला मी चार महिन्यांसाठी म्हणून घरी आलो. त्या चार महिन्यांची आता सात वर्षं झाली. बाबांची वाचा पुढे बरीच परतली, पण मंत्र म्हणण्याइतकी नाही.

लोक वर्षातून एकदा संकल्प करतात, मी रोज दोन-दोन करतो. सगळे दुसऱ्यांचे. यजमानाच्या तळहातावर पाणी घालायचं, देश, काळ, गोत्र, नाव सगळं त्याच्या वतीने म्हणायचं, आणि त्याने पाणी ताम्हनात सोडायचं. गेल्या वर्षी हिवरखेडला एका शेतकऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हातात पाणी घेऊन त्याने विचारलं, "महाराज, मनात काय म्हनू?"

"जे हवं असेल ते."

"अन् तुमी सोताच्या मनात काय म्हनता?"

त्याला थट्टा करायची नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मी तुमचंच म्हणतो," आणि पुढचा मंत्र घेतला. त्या दिवशी परतताना बसमध्ये त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

कारण माझाही एक संकल्प होता, आणि तो लिहून ठेवलेला होता. घरी आल्याच्या पहिल्या वर्षी पाडव्याच्या समासात, यजमानांच्या कार्यांखाली मी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "बाबांना शाळेचं सांगणे." म्हणजे मला हे करायचं नाही, मला परत शिकवायचं आहे, हे सांगणे. तो पाडवा मूग गिळून गेला. पुढच्या वर्षी तिथी उतरवताना ती ओळही उतरवली. मग दर वर्षी. बायको म्हणायची, "सांगून टाका एकदाचं, खाणार आहेत का ते तुम्हाला?" खाणार नव्हते. पण बाबा खाटेवर बसून, मी कुठल्या घरी काय खाल्लं आणि कुणी कुणाची चौकशी केली हे इतक्या उत्सुकतेने ऐकत की मी आणखी एका घरची हकीकत सांगायला घ्यायचो. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला एवढं कारण पुरतं.

या वर्षी मात्र माघात अकोल्याच्या शाळेच्या बाईंचा फोन आला. आमच्या मुख्याध्यापिका. जूनपासून संस्कृतची जागा रिकामी होतेय, कायमची आहे, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत कळवा, नंतर मी थांबवू शकणार नाही, म्हणाल्या. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात कामांची झुंबड उडाली. बाबा म्हणाले, "पंचांग मले दे. डाव्या हातानं उतरवतो. बसून बसून विटलो मी." मला बरंच वाटलं, त्यांना काम मिळालं म्हणून. दोन्ही पंचांगं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

मूर्तिजापूर आलं तेव्हा मला ती ओळ आठवली.

उतरून परत फिरावं असं वाटलं. पण अकोल्यात यजमान सोवळं नेसून बसलेले. मी सत्यनारायणाची पूजा सांगितली, तीही एका अध्यायात दोनदा अडखळून. संध्याकाळी घरी आलो तर बाबा पहिल्याच पानावर होते, खाली मान घालून, लहान मुलासारखं जीभ बाहेर काढून अक्षरं काढत. काही बोलले नाहीत. चार दिवस काही बोलले नाहीत. मी घरात चोरासारखा वावरलो.

पाडव्याला गुढी उभारली. नव्या पंचांगाची पूजा केली आणि वर्षफळ वाचायला ते उघडलं. पाडव्याच्या समासात यजमानांची सगळी कार्यं होती, डाव्या हाताच्या कलत्या अक्षरात, एकही न गाळता. माझी ओळ नव्हती. त्यांनी वाचली नसेल किंवा सोडून दिली असेल, असं मनाशी म्हणत मी पानं उलटत गेलो. चैत्र, वैशाख, पार फाल्गुनापर्यंत. शेवटच्या पानावर फाल्गुन अमावास्येपुढे, वर्षाच्या अगदी शेवटच्या तिथीला, ती होती. "बाबांना शाळेचं सांगणे."

मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच बघत होते.

"ही इथे चुकून आली का?"

"माही तिथी चुकते काय?" ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "येवढं वर्ष काढ."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः सरकत जाऊन घेतात. मला राग आला, खरा राग. वाचून चार दिवस गप्प राहिले म्हणून, आणि ओळ खोडण्याऐवजी नीट वळणदार काढली म्हणून. आणि त्या रागाखाली थोडं हायसंही वाटलं, की चला, आज सांगायचं टळलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

"बरं," मी म्हटलं. आणि वर्षफळ वाचलं. पाऊस मध्यम, धान्य समाधानकारक.

मग त्यांचा संकल्प. त्यांच्या उजव्या तळहातावर पाणी ठरत नाही, म्हणून मी खालून हात धरला, पाणी घातलं आणि त्यांचं गोत्र, त्यांचं नाव म्हटलं. तेच माझंही गोत्र आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "वडिलांशी बोललात का एकदा? बोलून बघा हो, कधीकधी माणसं ऐकतात."

"त्यांना माहीत आहे," मी म्हटलं.

सात वर्षं जे सांगायचं होतं ते आता सांगण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि मला दहाच्या आत बडनेऱ्याला एका वास्तुशांतीला पोचायचं होतं.