जस्ताच्या बाटलीतले थेंब

नव्वदच्या दशकातली माझी दोन वर्षं लखनौत एका पेप्टाइडची मनधरणी करण्यात गेली. पेप्टाइड म्हणजे प्रथिनासारखीच, पण छोटी साखळी. माझं पेप्टाइड पाण्यात सैल, वेडंवाकडं पडून राहायचं. जस्ताचा क्षार मिळाला की त्यानं नीट वेटोळं घालून बसावं, असं मी ते कागदावर आखलं होतं. ते बसलं की प्रबंध पुरा आणि मी नाशिकला, नवऱ्याकडे. लग्न झाल्यापासून आम्ही सलग महिनाभरही एकत्र राहिलो नव्हतो.

दिवसभर हिंदी. महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या खोलीवर घरमालकीणबाई "बिटिया, सब्ज़ी ले जाओ" म्हणायच्या, तेवढीच माया. मराठी फक्त रविवारी फोनवर, तीही अडखळत. मी फार एकटी होते आणि त्याचा मला रागच यायचा.

मार्चमधल्या एका दुपारी जस्ताचं पाणी घातल्यावर पेप्टाइडचा आकार टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावरची रेघ हवी तिथेच खाली गेली. वेटोळं झालं होतं! माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायच्या आधी मी पीसीओवर फोन करायला धावले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बायको होती, इतकंच.

"अहो, जमलं! येते मी."

"खरंच? आईला सांगतो लगेच."

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. जस्ताचं पाणी गढूळ होऊ नये म्हणून त्यात ॲसिडचे दोन थेंब टाकायची आमच्याकडे सवय होती. तेही मीच टाकले होते. मग नुसतं तेवढंच ॲसिड, जस्ताशिवाय, पेप्टाइडमध्ये घालून पाहिलं. रेघ तशीच्या तशी खाली गेली. जस्ताचा काही संबंधच नव्हता.

दोन्ही कागद सरांसमोर ठेवले. ते म्हणाले, "अच्छा. तो फिर नया डिज़ाइन सोचिए. साल भर तो लगेगा."

संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सगळं सांगितलं.

"हे तुझ्याशिवाय कुणाला कळलं होतं?"

"नाही."

"मग दाखवलंस कशाला?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मला एकटं वाटतं ते अंतरामुळे, असं मी तोवर धरून चालले होते. समजावून सांगायला शब्द जुळवू लागले, पण मराठीत सुचेना आणि हिंदीतही सुचेना.

"ठेवू का फोन?" शेवटी मीच विचारलं.