काठावरच्या चपला

हमीद टेलर बुडाल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "चपला कुठं व्हत्या त्याच्या?" सांगणाऱ्याला वाटलं, धक्क्यानं माझं डोकं फिरलं. पण कुकडीवर गळ टाकणारे आम्ही सगळे हेच विचारणार. धरणाच्या खाली नदीत उतरायचं तर चपला अगदी पाण्याच्या कडेला काढायच्या आणि मधूनमधून वळून बघायचं, ही आमची रीत. उन्हाळ्यात शेतीसाठी सोडलेलं पाणी गुपचूप चढतं... आधी चपला हलतात. हलल्या की गळाला मासा असो नसो, बाहेर यायचं.

हमीदचं जुन्नरला शिवणकामाचं दुकान. मी तापट, तो थंड डोक्याचा, तरी आमचं जमलं. गावात केबल आली आणि त्यानं टीव्हीवर एक गोरा बघितला, पाण्यात उभा राहून लांबलचक दोरी हवेत झुलवणारा. गळाला गांडूळ नाही, पिसांची खोटी माशी! झालं, याला वेडच लागलं. कोंबड्याची पिसं आणि शिलाईचा दोरा घेऊन तो अशा माश्या बांधायचा, की चहाच्या कपावर बसलेली एक मी शिवी देऊन झटकली. पोट धरून हसला लेकाचा.

मग काठी घ्यायला पुण्याला गेलो. दुकानात एक आखूड होती, एक लांब. दोरी पुढं टाकायची तर आधी मागं झुलवावी लागते, आणि आमच्या काठाला सगळ्या बाभळी. मी म्हटलं, "आखूड घे. काठावरूनच जमंल."

"भाऊ, आखूड काठीनं दोरी धारंपत्तोर जाती व्हय? मासा तिथं हाय."

"आन मागं बाभळीत अडाकली मंजी?"

"मंग पान्यात उभा ऱ्हाईन की, टीव्हीतल्यावानी!"

दुकानदारानं लगेच मांडीपर्यंतचे रबरी बूट पुढं केले. हमीदनं तिथंच चढवले आणि आरशात बघून खूश झाला. मला मात्र ते बूट पहिल्यापासून डोळ्यांत खुपले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यानं मलाही शिकवलं. मैदानात, दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून. मी हिसके द्यायचो, तो म्हणायचा, "घाई नगा करू राव. दोरी मागं सरळ व्हऊ द्या, मंगच फुडं टाका." नदीवर तो बूट घालून आत शिरायचा. मी अनवाणी, म्हणून काठावर माझ्या चपला असायच्या आणि दोघं त्याच बघायचो.

त्या दिवशी तो एकटाच गेला. पलीकडं म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, "लई हाका मारल्या. वाऱ्यात त्याला काय ऐकू गेलं न्हाई. दोनदा मागं वळून बघितलं त्यानं... आन परत पान्याकडं तोंड केलं." बूट पाण्यानं भरले तेव्हा तो मधोमध होता. मला त्या बुटांचा राग येतो, त्या लांब काठीचा येतो, आणि खरं सांगायचं तर हमीदचाही येतो.

परवा दुकानावर गेलो. शिलाई मशीन झाकलेलं, काठी कोपऱ्यात. उंबऱ्याशी त्याच्या चपला; त्या दिवशी तो इथूनच बूट चढवून गेला होता. मी उचलून आत ठेवायला वाकलो, तर भाभी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ तिथंच."

हात लावून बघितलं. कोरड्या ठाक होत्या.