रुमालावरची तिरकी रेघ

युद्धाच्या दिवसांत कोल्हापूरजवळ पोलंडहून आलेल्या बायकामुलांची छावणी होती. तिथली एक बाई सुरेख भरतकाम करायची. आमचे निपाणीत कापडाचे दुकान. तिने भरलेले अभ्रे आमचे हे बेळगावला खडेबाजारात विकून द्यायचे. मी चौथी शिकलेली, पण परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एकदा ती आली तेव्हा हे बेळगावला गेले होते आणि सासूबाई शेजारी शेवया वळायला. तिने पांढरा रुमाल काढला. "साहेब का नाम," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. यांचे नाव भरून तिला रुमाल भेट द्यायचा होता.

आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. घेतले तर त्याचे आयुष्य घटते म्हणतात. मी दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवले. तिला आपली अक्षरे वाचता येत नव्हती. तिने कागदावर तिच्या लिपीतले एक अक्षर काढले आणि म्हणाली, "स." मग त्याच अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ ओढून म्हणाली, "श." ऐकल्याशिवाय ती रेघ द्यायची की नाही हे तिला कळणार नव्हते. "बोलो," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. लाजेने माझे डोळे भरून आले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या बोटातली अंगठी दाखवली, आभाळाकडे हात केला आणि मला जवळ घेऊन रडू लागली. माझे कुंकू, मंगळसूत्र समोर होते, पण त्यांचा अर्थ तिला कुठून ठाऊक असणार? मला सगळे कळले. नुसती 'नाही' म्हणून मान हलवली असती तरी पुरे होते. पण ती तिच्या माणसासाठी रडत होती. तिला कसे थांबवावे ते सुचेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "ही का रडतीया गं?"

मी कसेबसे सांगितले.

"अगं भवाने, माझा लेक बेळगावला गेलाय, आन् तू त्याला वरच धाडलंस व्हय?" त्यांनी मुलाचे नाव खणखणीत घेतले आणि हाताने मोटारगाडी जाऊन परत आल्याचे दाखवले.

बाई हसली, हात जोडले. मग तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि सुई ओवायला घेतली. आपल्यासारखीच कुणी भेटली असे तिला घटकाभर वाटले होते.

संध्याकाळी हे रुमाल निरखत म्हणाले, "ह्यो वर डाग कसला?"

"डाग न्हाय. त्यानं 'स'चा 'श' होतोय."

"म्हंजे नाव वाचलंस की माझं."

"वाचलं. घेतलं न्हाय."

ते मोठ्याने हसले. मी चुलीशी जाऊन बसले. तिच्यासमोर 'हे हायत' एवढे दोन शब्द मला का बोलता आले नाहीत, हे अजून मनाला लागते.