काकूंची टोपणनावं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत, आणि इंग्रजी रहस्यकथांशिवाय करमत नाही. लायब्ररीतून त्या गठ्ठाच आणतात. शनिवारी इथे अमेरिकेत, हर्नडनमधली आम्ही चार मराठी घरं जमलो, की पोहे परतता परतता गोष्ट सांगतात. पात्रांची नावं मात्र काकूंनी स्वतः ठेवलेली. वकील म्हणजे 'उंदीरतोंड्या', श्रीमंत विधवा 'मांजरवाली', इन्स्पेक्टर 'ढेकरदेव'. फक्त ज्याचा खून होणार, त्याचं खरं नाव त्या अडखळत का होईना, पूर्ण उच्चारतात.

"त्यालाच टोपणनाव का नाही, काकू?" मी एकदा विचारलं.

"मी शेवट आधी वाचते गं. जाणाऱ्या माणसाची कसली थट्टा करायची?"

आम्हालाही त्यांनी सोडलेलं नाही. मी 'बडबडी'. समोरचे धडधाकट काका 'गॉगल', तेही तोंडावर. दिवाळीला घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या पॉटलकला मात्र काकू त्यांना हळूच म्हणाल्या, "वसंतराव, अजून एक करंजी घ्या ना." काका खूश झाले. माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. पंधरवड्यात वसंतराव ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कोसळले, ते उठलेच नाहीत.

"योगायोग, यार," माझा नवरा म्हणतो. मीही तेच म्हणत होते.

काल दुपारी गाण्यांची कॅसेट परत द्यायला वर गेले. काकूंनी लाडवांचा डबा दिला, दारापर्यंत आल्या, पाठीवरून हात फिरवला.

"सावकाश जा हं, सुमन."

मला तर फक्त एक जिना उतरायचा होता.