सईचं पान

सांगलीहून निघताना तिघांनी मला जर्मनीहून घड्याळ आणायला सांगितलं. घड्याळं स्वित्झर्लंडची, हे मी तिघांनाही समजावलं, पण कुणाला पटलं नाही. मी एकतीस वर्षं मुख्याध्यापक होतो, तेव्हा न पटण्याची मला सवय आहे. माझा धाकटा भाऊ सतीश स्टुटगार्टला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याची मुलगी सई शाळा संपवत होती, आणि त्या समारंभाला घरातलं वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून त्याने मला तिकीट पाठवलं होतं. घरात वडीलधारा मी एकटाच उरलो आहे.

फ्रँकफर्टला उतरलो. विमानतळावर सगळं इतकं स्वच्छ आणि गप्प होतं की कुणीतरी गेलं असावं असंच वाटलं. पुढे रेल्वेने स्टुटगार्ट. गाडी चार मिनिटं उशिरा आली, तर फलाटावरची माणसं एकमेकांकडे बघून अशा माना हलवत होती की जणू राज्य बुडालं. शेजारच्या आजीबाईंनी मला ब्रेत्सेल (मिठाचे खडे लावलेला, पिळा घातलेला पाव) देऊ केला. चवीला तो पाव कमी आणि शिक्षा जास्त होता. मी थँक यू म्हणून निम्मा खिशात ठेवला.

स्टुटगार्ट हे डोंगरउतारावर वसलेलं शहर. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला श्टेफेले (दगडी पायऱ्यांची वाट) चढाव्या लागतात. सतीशचं घर अर्थातच अगदी वर. घरात शिरायच्या आधीच मला दारावर टांगलेली एक पाटी दिसली. मी समजलो, स्वागताची असेल. ती केअरवोखेची (इमारतीचा जिना झाडायची आठवड्याची पाळी) होती. या आठवड्यात जिना झाडायची पाळी सतीशकडे होती. इतका पगार घेणारा इंजिनिअर शनिवारी जिना झाडतो, आणि त्याने नीट झाडला की नाही हे खालच्या मजल्यावरच्या बाई चष्मा लावून तपासतात. माझी भावजय शुभदा म्हणाली, "भाऊजी, हसू नका, मागे आम्हाला चिठ्ठी आली होती."

सई एकोणीस वर्षांची, उंच, अबोल. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं आणि शुभदाने मध्ये भाषांतर करायचं, असा आमचा संवाद. आपल्याकडे जे बारावीत उरकतं त्याला इथे तेरा वर्षं लागतात. वर गुणांचा उलटा हिशेब, आकडा जितका लहान तितका मुलगा हुशार. सईला एक पूर्णांक सात मिळाले होते. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी मला जेवायला बोलावलं, तेव्हा सतीश प्रत्येकाला त्याची टक्केवारी करून सांगत होता. ते सगळेच आपापल्या मुलांच्या टक्केवाऱ्या घेऊन आले होते. श्रीखंड विकतच्या क्वार्कचं (इकडचा चक्का) होतं आणि संभाषणही तसंच आंबट होतं.

गुरुवारी आम्ही सईच्या शाळेत गेलो. शेवटच्या वर्गाने शाळेवर ताबा मिळवण्याचा हा दिवस. मुलांनी दारात बाकं रचून वाट अडवली होती, आणि त्यांचे मुख्याध्यापक, माझ्याच वयाचे, टक्कल पडलेले, लहान मुलांच्या तीनचाकी सायकलवर बसून पटांगणाला फेरी मारत होते. फेरी पुरी केल्याशिवाय आत सोडणार नव्हते म्हणे. आमच्या शाळेत माझी सावली दिसली तरी व्हरांडा रिकामा व्हायचा. मी मान फिरवली.

एका टेबलावर मुलं आबीबूख (शेवटच्या वर्गाने स्वतःच काढलेलं आठवणींचं पुस्तक) विकत होती. सतीशने तीन प्रती घेतल्या, एक खास सांगलीसाठी. मी चाळून पाहिली. प्रत्येक मुलाला एक पान. वर लहानपणीचा फोटो, कुणी टबात, कुणी मातीत. खाली वर्गातल्या बाकीच्यांनी त्याच्याबद्दल लिहिलेल्या ओळी. अगदी तळाशी एक चौकट, 'वीस वर्षांनी', आणि त्यात मित्रांनी कल्पिलेलं त्याचं भविष्य. शुभदाने एक-दोन वाचून दाखवली. एक मुलगा वीस वर्षांनीही उशिराच येणार होता, एक मुलगी तीन नवरे करून शेवटी गाढवं पाळणार होती. छापील चेष्टा, दुसरं काय. आणि यांना पैसे देऊन ती विकत घ्यायची.

मग सईचं पान आलं. तिथे तिचा पासपोर्टचा फोटो होता. खाली इंग्रजीत, धिस इज टू सर्टिफाय दॅट. पुढे तिचं भरतनाट्यम, तिची गणिताची बक्षिसं, शी बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर. वीस वर्षांच्या चौकटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि पुढे अमेरिकेत एम. एस. मित्रांची एकही ओळ नव्हती.

ते इंग्रजी माझं होतं. फेब्रुवारीत सतीशचा फोन आला होता, दादा, शाळेचं पुस्तक निघतंय, सईचं पान लागेल, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी एका बैठकीत लिहून दिलं होतं. सतीशने ते टाइप करून पुस्तक काढणाऱ्या मुलांना पाठवलं, वर लिहिलं की जमलेल्या मजकुराऐवजी हेच छापावं. या देशात लेखी विनंतीला देववाणीचा मान आहे. सईनेच मागितलं असेल तर द्यावं, म्हणून मुलांनी ते छापलं. सतीश पान बघून खूश होता, बाकीच्यांपेक्षा आपलं किती भारदस्त, म्हणाला. सईने पान पाहिलं, पुस्तक मिटलं आणि एकटीच घरी निघून गेली.

त्या दिवशी जेवायच्या टेबलावर तिने सांगितलं की शनिवारच्या बॉलला (निरोपाचं जेवण आणि नाच) ती येणार नाही. तिचा हिरवा ड्रेस दाराला टांगलेला होता. सतीश म्हणाला, दमली असेल. मला कारण कळलं होतं, तरी मी आणखी भात वाढून घेतला. लोकांच्या पोरांना बेधडक छडी मारणारा मी. भित्रेपणाच तो.

शुक्रवारी सई जिना झाडत होती. मी तिच्या हातातून झाडू घेतला. ती पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत. "काका, वर्गात बावन्न जण आहेत. माझ्याबद्दल कुणालाच काही सुचलं नाही. वडिलांचं आलं म्हणून निदान पान तरी भरलं."

मी झाडू भिंतीला टेकवला आणि सगळं सांगितलं. लिहिणारा मी, पाठवणारा सतीश, आणि मित्रांचा मजकूर बाजूला ठेवायला सांगणारेही आम्हीच.

"मला का नाही विचारलं?"

ती उठून तळघरात गेली. मी जिना पुरा झाडला, कोपरेसुद्धा.

मग गल्लीतल्या त्या दगडी पायऱ्या उतरलो. पुस्तकाचं काम बघणारी याना ही सईची लहानपणापासूनची मैत्रीण, खालच्या गल्लीत राहते. पहिल्या दिवशी मला बघायला आली होती, पण सईशी फार बोलली नव्हती. त्याचं कारण तेव्हा मला कळलं नाही. तिला मी माझ्या भारदस्त इंग्रजीत सांगायला लागलो आणि दोन वाक्यांत ते इंग्रजी संपलं. तिला मात्र समजलं. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, आमचं लिहिणं तिला नको आहे. म्हणून आम्हीही तिला काही विचारलं नाही."

तिने एक जाडजूड फाइल आणली. ही माणसं कागद कधी टाकत नाहीत, वर्गवारी करून ठेवतात. मी फाइलसाठी हात पुढे केला, तर म्हणाली, नाही, हे सईचं आहे, तिलाच देईन. चांगलीच चपराक, आणि मला हवीच होती. वर येताना मी तीनदा थांबलो, ती एकदाही नाही.

दोघी तळघरात तासभर होत्या. आधी सईचं रडणं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं. संध्याकाळी सईने ते कागद टेबलावर ठेवले आणि सतीश मला भाषांतर करून वाचून दाखवू लागला. कुणी लिहिलं होतं, हसताना सई तोंडावर हात ठेवते, तो तिने काढावा. कुणी लिहिलं होतं, भौतिकशास्त्रात मी पास झालो तो तिच्यामुळे आणि चिडली की ती मराठीत चिडते. 'वीस वर्षांनी' खाली एवढंच होतं की सईचं सायकलदुरुस्तीचं दुकान असेल, आम्ही आमच्या पोरांच्या सायकली तिच्याकडेच आणू आणि ती आम्हाला रागावेल. निम्म्या वर्गाच्या सायकली तिने आमच्याच तळघरात दुरुस्त केल्या होत्या. सतीश वाचता वाचता थांबला. म्हणाला, "ती तिथे अभ्यास करते असं मला वाटायचं." शुभदाने चहा ओतला. सईने डिंक आणला आणि आपल्या प्रतीतल्या माझ्या सर्टिफिकेटवर ते कागद स्वतःच्या हाताने चिकटवून टाकले. एकही शब्द वाचता येणार नाही असे.

शनिवारी ती हिरवा ड्रेस घालून गेली. बॉलचं काय सांगू? बटाट्याचं थंड सॅलड, त्याहून थंड भाषणं. बापाने मुलीबरोबर नाचायचा रिवाज, तेव्हा सतीशने दोनदा सईच्या पायावर पाय दिला. सायकलवाले मुख्याध्यापक माझ्याशी हात मिळवून गेले. ते प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होते. मी मोजत होतो, एकदाही चुकले नाहीत. मला माझ्या शेवटच्या वर्गातली चार नावंही आठवेनात, आणि त्या सगळ्यांची वर्तणूक चांगली असल्याचा दाखला मी सही करून दिला होता.

परत निघालो तेव्हा सई फ्रँकफर्टपर्यंत आली. आत जाण्याआधी तिने माझी, सांगलीसाठीची प्रत हातात दिली. म्हणाली, विमानात बघा.

विमानात शेजारचे गृहस्थ बूट काढून झोपले, त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं. मी पुस्तक उघडलं. सईच्या पानावर माझं सर्टिफिकेट शाबूत होतं. समोरच्या कोऱ्या पानावर तिने फोटो चिकटवला होता, मी जिना झाडतानाचा, कधी काढला कोण जाणे. खाली मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकलेलं वेडंवाकडं देवनागरी.

'सांगलीचे काका. सगळ्यांना नावं ठेवतात. ब्रेत्सेल खिशात लपवतात, मला सापडला. जिना चांगला झाडतात, खालच्या बाईंनीही मान्य केलं.

वीस वर्षांनी : अजून नावं ठेवत असतील. पण आधी विचारतील.'

सांगलीत परतल्यावर त्याच तिघांनी घड्याळ मागितलं. मी त्यांना हे पान दाखवलं नाही. सईला विचारायचं राहिलं आहे.